लाल पट्टीच्या अलीकडे

"दुधाच्या भांड्याचा दांडा कुठे हवा?" आईनं विचारलं.

"आत! भिंतीकडे!" खारूनं उत्तर दिलं आणि आजोबांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर चिकटवलेल्या लाल पट्टीच्या अलीकडे उभ्याउभ्याच दोन उड्या मारल्या.

आजोबांनी श्वास रोखून धरला होता. शाळेत जन्म गेला, परीक्षा घेऊन घेऊन केस पांढरे झाले. पण आज चार वर्षांच्या नातीच्या परीक्षेला त्यांच्याच तळहातांना घाम फुटला होता. त्यातून परीक्षक म्हणजे त्यांची स्वतःची लेक. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नर्स. बाळंतपणाची रजा संपवून ती सोमवारी कामावर रुजू होणार होती. खारू आणि तिचा रांगता भाऊ टकलू दिवसभर आजोबांकडे राहणार की पाळणाघरात, हे आज याच स्वयंपाकघरात ठरणार होतं.

"सुरी खाली पडलेली दिसली तर?"

"हात नाही लावायचा. मोठ्यांना हाक मारायची."

"वाफ येत असेल तर?"

"तोंड लांब!"

"जमिनीवर पाणी सांडलं तर?"

"पळायचं नाही. ओरडायचं!"

"ते तर तुला न शिकवताच येतं," आई म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलेलं आजोबांनी बरोबर टिपलं.

पण लेक त्यांचीच होती, एवढ्यावर सोडणारी नव्हती. तिनं पिशवीतून खारूचा आवडता चेंडू काढला आणि अचानक जमिनीवरून घरंगळत सोडला. चेंडू लाल पट्टी ओलांडून थेट जमिनीलगतच्या ओव्हनपाशी जाऊन थांबला. ओव्हनमध्ये केक फुगत होता. खारू चेंडूमागे सुसाट धावली. आजोबा एक पाऊल पुढे सरसावले.

पट्टीपाशी येताच खारू करकचून ब्रेक लावल्यासारखी थांबली. पायाची बोटंसुद्धा अलीकडे.

"आजोबा! माझा बॉल आत गेला!"

"शाब्बास!" आजोबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलेला टकलू दचकून टाळ्या वाजवायला लागला.

"बाबा, हिला मारलंत-बिरलंत नाही ना?" आईला अजून खरं वाटत नव्हतं.

"तुला कधी मारलं होतं?"

"मला तुम्ही तासभर समजावून सांगायचात. त्यापेक्षा एक धपाटा परवडला असता."

आजोबा खूश होऊन हसले. "अगं, नुसतं 'हात लावू नको' म्हटलं की मूल हात लावणारच. का नको, ते त्याचं त्याला कळलं पाहिजे. ओव्हन पेटवला, हिला मांडीवर घेऊन समोर बसलो. हिचा हात माझ्या हातात. आधी लांबूनच धरला. गरम लागतंय का? नाही म्हणाली. थोडा पुढे नेला. तरी नाही. आणखी थोडा. मग तिनंच हात मागे ओढला आणि म्हणाली, गरम! झालं. रागवायचं नाही, कंटाळायचं नाही. कळेपर्यंत दम धरायचा."

"तरी दाराला जाळीचं फाटक बसवा म्हटलं होतं मी."

"बसवू गं. पण फाटकापेक्षा समज मोठी."

आईनं चेंडू उचलून खारूला दिला. मग एक लांब श्वास सोडला.

"ठीक आहे, बाबा. सोमवारपासून दोघंही तुमच्याकडे."

खारू नाचायला लागली, तिचा हात धरून आजोबाही नाचले. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण आज त्यांचं ऐकतंय कोण!

"गाडीतून टकलूची खाट घेऊन येते," म्हणत आई खाली गेली. आजोबांनी खारूला टकलूशेजारी सतरंजीवर बसवलं. थोड्या वेळानं जिन्यातून धडपडल्याचा आवाज आला, पाठोपाठ लेकीची हाक.

"बाबा, खाट वळणावर अडकलीय! एक टोक धरता का?"

आजोबांनी मागे पाहिलं. टकलू लाकडी ठोकळा चघळत होता. खारू त्याची लाळ पुसत होती, अगदी जबाबदार माणसासारखी.

"खारू, आता तू मोठी. भावाकडे लक्ष दे हं. मी जिन्यातच आहे."

"हो, आजोबा!"

खाट हट्टी निघाली. उभी केली, आडवी केली, शेवटी तिरकी करून सोडवली.

"घरात खाट आणताय की हत्ती?" आजोबा म्हणाले.

"तुमच्या नातवाचं वजन बघता हत्तीच पुरेल," लेक म्हणाली. दोघंही हसत, धापा टाकत दारात आली. आजोबा पाठमोरे आत शिरले आणि खाट टेकवून वळले.

सतरंजीवर कुणीच नव्हतं.

स्वयंपाकघरातून खारूचा आवाज येत होता. हळू, प्रेमळ, जराही न रागावलेला. आजोबांनी डोकावून पाहिलं. ती लाल पट्टीच्या पलीकडे, ओव्हनसमोर मांडी घालून बसली होती. मांडीवर टकलू. त्याचा इवलासा पंजा तिनं नीट उघडून आपल्या हातात धरला होता.

"अजून नाही गरम लागत?" ती त्याला समजावत होती. "असू दे हं. आणखी थोडं पुढे जाऊ."