चढाकडची भिंत

ग्लेनिसने प्लॅस्टिकच्या तुकड्याची चिकटपट्टी नखाने उचकटली. शनिवारी तिने तळघराच्या भिंतींवर असे हातभर तुकडे चारी कडांनी घट्ट चिकटवले होते. दोन भिंतींवरचे तुकडे वरून दमट निघाले, मागून कोरडे. टेकडीच्या चढाकडच्या भिंतीवरचा हा शेवटचा. तो मागून ओला होता. काँक्रीटला टेकलेल्या अंगाला पाण्याचे टपोरे थेंब धरले होते.

"झालं समाधान?" लिअँडर, तिचा बाप, मागे उभा होता. पायाशी रंगाचे चार नवे डबे. "मग करू या सुरुवात."

"त्या दोन भिंतींचं काही नाही, बाबा. तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे. शेगडी चालू ठेवली की जाईल. ही मात्र बाहेरून पाणी ओढतेय."

"म्हणून तर पाणी अडवणारा रंग आणला. पंधरा वर्षांची गॅरंटी आहे."

"गॅरंटी डब्यावर लिहिलीये. भिंतीने नाही वाचलेली."

तिने पत्र्याच्या पट्टीने जुना रंग खरवडला. तो पापुद्र्यासारखा सुटून आला आणि मागून मिठाची पांढरी भुकटी सांडली. सेंट जॉन्स शहराच्या धुक्यात बावीस वर्षं घरं रंगवून तिचे हात तयार झाले होते. बोटांनी भुकटी चुरून तिने ती बापाला दाखवली. "टेकडीचं पाणी बाहेरून रेटतंय. आतून कितीही जाड रंग थाप, ते त्याला फोड आणणारच."

लिअँडर भुकटीकडे बघत राहिला. जानेवारीत बर्फावर घसरून त्याच्या बायकोचं, व्हेराचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. वरच्या घराच्या चौदा पायऱ्या आता तिला चढता येणार नव्हत्या. हे तळघर तेवढं समोरून रस्त्याच्या पातळीला होतं. तिथे तिची खाट लावायची, असं ठरलं होतं. पण न्यूमोनियाने छाती अधू झालेली, म्हणून गुरुवारी नर्स डोरीन खोली बघायला येणार होती. खोली पसंत पडली नाही, तर दोन तासांवरच्या ज्या वृद्धाश्रमात व्हेरा सध्या तात्पुरती राहत होती, तिथल्या कायमच्या यादीत तिचं नाव जाणार होतं. आज सोमवार.

"बुधवारपर्यंत दोन हात मारून होतील," तो हळूच म्हणाला. "रंगाखाली काय आहे ते डोरीनला काय कळतंय?"

"डोरीनला नाही कळणार. आईच्या छातीला कळेल."

तो खालच्या डब्यावर बसला. "दर रविवारी जातो, तेव्हा कोट घालून तयार असते ती. काय सांगू तिला?"

"खोदतोय म्हणून सांग. बाहेरून, पार पायापर्यंत. मग भिंतीला बाहेरून डांबर, खाली पाणी वाहून न्यायला पाइप आणि खडी. आतली बाजू उघडी ठेवून सुकवायची. पुरती सुकली की चुन्याचा रंग देऊ. त्यातून भिंतीला श्वास घेता येतो."

"मी शहात्तर वर्षांचा आहे, ग्लेनिस."

"आणि मी चव्वेचाळीस. बेरीज नको करू. फावडं कुठेय ते सांग."

त्याने उठून दोन डबे उचलले आणि गाडीत नेऊन ठेवले. मग उरलेले दोन. परत आला तो दोन फावडी घेऊनच.

मंगळवारी सकाळी शेजारचा सायलस न बोलावता आला. त्याच्या मागून त्याची बायको विल्मा, खांद्यावर कुदळ टाकून. बारीक पाऊस होता, खाडी दिसत नव्हती. "कुणाची कबर खोदतोयस रे, लिअँडर?" सायलसने विचारलं.

"तुझीच. जरा आडवा हो, माप घेतो."

गुरुवारी दहाला डोरीन आली, तेव्हा ग्लेनिस आत भिंत खरवडत होती. डोरीनला काय आणि कसं सांगायचं, ते तिने मनाशी नीट मांडून ठेवलं होतं. पण दार वाजलंच नाही. घरामागून बापाचा आवाज आला, म्हणून ती धावत वर गेली.

लिअँडर छातीभर खोल चरात उभा होता. "आत नंतर जा, डोरीन. आधी इथे उतर."

"लिअँडरकाका, मी खोली बघायला आलेय."

"खोली ओली आहे. का ओली आहे, ते इथून दिसतं."

डोरीनने ग्लेनिसकडे पाहिलं. मग आपली पिशवी तिच्या हातात दिली आणि सायलसचा हात धरून चिखलात उतरली. लिअँडरने तिला टेकडीतून पाझरणारी तांबूस धार दाखवली, भिंतीची भेग दाखवली. "चाळीस वर्षांपूर्वी मीच बांधली ही," तो म्हणाला. "सोमवारी रंग लावून झाकणार होतो. पोरीने लावू दिला नाही."

डोरीनने भिंतीवर तळहात टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला. "किती दिवस लागतील?" तिने वर बघत विचारलं.

"तीन आठवडे," ग्लेनिस म्हणाली. "एक दिवसही कमी नाही."

डोरीनने चराच्या काठावर कागद ठेवून लिहिलं. कागदाच्या कोपऱ्याला चिखल लागला, तो तिने पुसला नाही. "मग बावीस दिवसांनी परत येते. तोवर नाव कायमच्या यादीत जात नाही, आणि व्हेराकाकूला मी आजच सांगते." सायलसने तिला वर ओढून घेतलं. बूट झटकता झटकता तिने विचारलं, "आणि आतून रंग कुठला देणार?"

ग्लेनिसच्या ओठांवर उत्तर होतं.

"ते व्हेराला विचारायचंय," चरातून लिअँडर म्हणाला. त्याने फावडं मातीत रोवलं. "पन्नास वर्षांत मी कधी विचारलंच नाही."