हेड ऑफिसला गेलेली फाईल

"एक्सेल विकत घ्यायचं न्हाय," मॅनेजर मानसिंगरावांनी बजावलं. "हितं फाईल फक्त बनवायची. वाचायचं काम हेड ऑफिसचं."

आफरीनने मान हलवली. टॉवेलच्या या कारखान्यात चहात साखरसुद्धा हात आखडून पडायची, तिथे सॉफ्टवेअर कोण देणार?

कामगारांच्या श्वासाची तपासणी झाली की ती आकडे कारखान्याच्या ॲपमध्ये भरायची. ज्याचा दम कमी भरेल त्याला रुईच्या धुळीतून काढून पॅकिंगला टाकायचं, असा नियम परदेशी गिऱ्हाईकांना दिसेल असा भिंतीवर लावला होता. पण बदलीला हेड ऑफिसात बसणाऱ्या शेठची सही लागे, आणि शेठना अहवाल एक्सेलमध्येच हवा असे. आकडे ॲपमध्ये अडकले होते. धुळीत तिचे अब्बा, मकदूम, अडकले होते.

मग तिने स्वतःच कोड लिहिला. एक्सेल नसलेल्या त्या खटारा मशीनवर बटण दाबलं की माहिती थेट एक्सेलच्या फाईलमध्ये उतरायची. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तिने फाईल उघडून पाहिली. रकाने सरळ, आकडे जागच्या जागी. तिला स्वतःचा अभिमान वाटला.

फाईल मेलने गेली. तासाभरात उत्तर आलं: 'मिळाली. निर्णय लवकरच.'

कुंभारी गावातल्या घरी येताच तिने अब्बांना मोबाईल दाखवला.

"लवकरच म्हणजे कवा गं, बेटा?" त्यांनी खोकत विचारलं.

"मोठं ऑफिस आहे, अब्बा. नीट तपासून ठरवत असतील."

दर महिन्याला फाईल जायची, दर महिन्याला तेच उत्तर यायचं. आपल्याच फायलीत काहीतरी कमी असेल, असं त्या पोरीला वाटायचं. तिने कमी दमवाल्यांच्या ओळी लाल केल्या, सगळ्यात वाईट आकडा वर आणला. अब्बांचं नाव पहिलं आलं. उत्तर बदललं नाही.

"वरनं काय आलं न्हाय, मी काय करू?" मानसिंगराव म्हणायचे.

एके सकाळी नळावरून घागर आणताना अब्बा वाटेतच खाली बसले. आफरीनने त्यांना घरात आणून निजवलं आणि तडक शहरातल्या शुक्रवार पेठेतलं हेड ऑफिस गाठलं.

तिथला कारकून धुळाप्पा मोठा अगत्याचा. त्याने आधी चहा मागवला.

"फाईल येती की! एक बी चुकली न्हाय. उत्तर मीच धाडतो. आली की लगेच धाडायचं, शेठची ताकीदच हाय."

"मग लाल ओळी बघितल्या का शेठनी? पहिलं नाव माझ्या अब्बांचं आहे."

"लाल?" धुळाप्पाने मेल काढून फाईलवर दोनदा क्लिक केलं. पडद्यावर चौकट आली: ही फाईल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची?

तो उठला आणि आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली.

"तुमीच बनवता न्हवं? बरं झालं आलात. हितं बी शेठनी एक्सेल घेऊ दिलं न्हाय. उघडायची कशी, तेवढं दावा की."