डब्यासकट

फौजदारांनी स्टीलचा डबा उचलून तसाच काट्यावर ठेवला. आत चरस. आकडा एकशे बारा ग्रॅमवर थांबला. झडतीला सरकारी माणूस पंच लागतो, म्हणून तहसीलमधून मला आणलं होतं. खोली धामापूरकर सरांच्या मुलाची.

सात वर्षांपूर्वी माझ्या सुयोगच्या झडतीत हेच सर पंच होते. तेव्हाही डब्यासकटच तोललं होतं. डबा काढला असता तर माल शंभर ग्रॅमच्या आत आला असता आणि पोरगा वर्षभरात घरी. सरांनी काट्याकडे न बघता सही केली. "कायदा म्हणजे कायदा, बाई," म्हणाले. दुसऱ्या वर्षी तुरुंगातून सुयोगचं प्रेत आलं. तेव्हापासून येईल त्या मंत्र्याला मी निवेदन देतेय, की नशेपायी पोरांना आत टाकू नका, हा कायदा बदला.

"बाई, माल वेगळा काढून तोलायला सांगा ना," सर हळूच म्हणाले. "डब्याचं वजन धरत नाहीत."

"हे तुम्हाला कधी कळलं, सर?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. सुयोगच्याच वयाचा. माझी सगळी निवेदनं असल्याच पोरांसाठी होती.

"डबा काढून परत तोलू का, मॅडम?" फौजदारांनी विचारलं.

"कशाला? मागच्या वेळी कुठे काढला होता," मी म्हणाले, आणि सरांना उभ्या जागेवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात सही केली.