आठ माणसांची होडी

कीर्तन उभं राहायला अजून अवकाश होता. बुवा फेटा बांधत होते, मृदंगाला कणीक लागत होती, आणि देवळापुढच्या पटांगणात आकाराम आपल्या होडीत माणसं भरत होता. कोरड्या जमिनीवर.

"आवं, बुवा हसतील की," त्याची बायको मंगल म्हणाली.

"हसू देत. पाणी आल्यावर कुणी हसत न्हाई."

होडी त्याची स्वतःची. नदीपलीकडच्या रानात जायला-यायला घेतलेली. पण धरणाचं पाणी सोडलं आणि कृष्णामाई वेशीत आली, की अख्ख्या वस्तीला ही एकच. म्हणून पावसाच्या तोंडावर तो सांगलीला जाऊन पुरातनं माणसं काढायची उजळणी करून आला होता. दोराच्या गाठी झाल्या, धारेला होडी तिरकी कशी धरायची ते झालं, इंजिन बंद पडलं तर वल्ह्यावर कसं यायचं तेही झालं. शेवटी शिकवणारे साहेब म्हणाले, "हे तुमच्या हाताला येतंच. तुमची होडी तुमच्यासकट आठांची. नवव्याला नाही म्हणायला शिका. तिथंच सगळे चुकतात."

आज त्याचीच तालीम. जड माणसं मधे, बाकीची कडेला, उभं कुणी राहायचं नाही. त्याच्यासकट आठ जण बसले. शेजारचा लालासाहेब पायजमा वर खोचून, छातीभर पाण्यातून चालल्यासारखे हात मारत नववा आला.

"घे की रं गड्या! पोटावर जाऊ नगंस, आतनं पोकळ हाय मी."

"बास!" आकारामनं वल्हं त्याच्या छातीला लावलं. "फुडच्या खेपेला ये."

सगळी हसली. जमलं म्हणून आकारामही हसला.

तेवढ्यात देवळाच्या पायऱ्या उतरून त्याची आई आली. बनुबाईच्या गळ्यात टाळ तसेच होते. तिनं होडीचा काठ धरला.

"मी नववी."

वल्हं खाली आलं.

"आये, तू न्हवं. तुला आदी नेणार हाय मी."

"आन म्हशी सोडता सोडता मला उशीर झाला तर?"

आकाराम उठला. "मग मी उतरतो. तू बस."

"तू उतरल्यावर वल्हवणार कोण? लालासाहेब?"

ह्या वेळी कुणी हसलं नाही. होडीत बसलेली पोटुशी अंकिता अर्धवट उठली.

"बस गं तू," बनुबाई तिच्याकडं न बघताच म्हणाली. "म्हण रं. बास म्हण."

"आये, बुवा काय सांगत्यात? पांडुरंग कुणाला काठावर ठेवत न्हाई."

"त्येची होडी लय मोठी हाय, बाबा. तुझी आठाची."

देवळात मृदंगावर पहिली थाप पडली. पाणी कुठवर चढू द्यायचं त्याची खूण म्हणून आकारामनं होडीच्या अंगावर चुन्याची रेघ मारली होती. तो त्या रेघेकडं बघत राहिला. मग रेघेवरची नजर न काढताच पुटपुटला, "बास."

बनुबाईनं काठ सोडला नाही.

"म्हटलं की, आये."

"बुडणारं माणूस नुसत्या बोलण्यानं हात सोडतंय व्हय? फुडचं शिकवलं न्हाई का साहेबांनी?"

शिकवलं होतं. आकारामनं वल्हं बाजूला ठेवलं आणि तिच्या हातावर वाकला. टाळाच्या दोरीचा वळ तिच्या बोटावर उमटलेला होता. तेच बोट त्यानं आधी धरलं आणि हळूच उचलायला गेला.

बनुबाईनं मूठ आणखी आवळली.