चेहऱ्याचं कुलूप
भामट्यांच्या फोनमध्ये नंबर सापडला म्हणून पोलिसांनी जयनगरच्या पुरुषोत्तमकाकांना ठाण्यात बोलावलं. “फोन उघडा,” साहेब म्हणाले. “का म्हणून? खासगी आहे. कोर्टाचा कागद आणा!” कागद आला. काकांनी फोन तोंडासमोर धरला, पण उघडेना. “लेकीनं अमेरिकेला जाण्याआधी हसवत हसवत माझ्या चेहऱ्याचं कुलूप लावलं. हसलो नाही तर हा मला ओळखतच नाही. उघडायचे आकडे तिलाच ठाऊक.” “मग स्वल्प हसा की, काका!” बेळगावचा हवालदार म्हणाला. काकांनी नुसते दात विचकले. हवालदारानं विनोद सांगितले, शिपायानं वाकुल्या दाखवल्या. शेवटी साहेबच गाढवासारखे रेकले. काका खो खो हसले. फोन उघडला. आत लेकीचा एकच मेसेज होता, गेल्या वर्षीचा: ‘पोचले, बाबा.’ दुसऱ्या दिवशी काका आपणहून हजर. “साहेब, फोन परत बंद झालाय. तेवढं कालचं गाढव करता का?”