शेजारशेजारची तिकिटं

व्हिएन्नात यागोदा आणि तिमोनचं एकदाचं फाटलं. पण पुढच्या सगळ्या बसची तिकिटं क्राकोवमध्ये बसूनच काढलेली, सगळ्यांत स्वस्तातली, त्यामुळे न बदलणारी आणि शेजारशेजारची. तेव्हापासून दोघं एकमेकांशी न बोलता खांद्याला खांदा लावून गावं पालथी घालत होती. भूक लागली की तो पाव कापायचा, ती त्यावर चीज ठेवायची आणि दोघं आपापल्या बाजूला बघत खायची.

झाग्रेबच्या बसमध्ये पलीकडच्या सीटवरची म्हातारी त्यांचं हे खाणं बराच वेळ बघत होती. शेवटी ती पोलिशमध्येच म्हणाली, “लग्नाला बरीच वर्षं झालेली दिसतात.”

“लग्न कसलं, आजी. आमचं व्हिएन्नातच तुटलं,” यागोदा थकून म्हणाली. “तिकिटं बदलून मिळत नाहीत, म्हणून बसलोय.”

म्हातारीनं समजल्यासारखी मान डोलावली.

“आमचंही थोरला व्हायच्या आधीच तुटलं होतं. पण फ्लॅट एकच होता.”

तिच्या शेजारचे आजोबा खिडकीबाहेर बघत होते. तसंच बाहेर बघत त्यांनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला, फुंकून फुंकून निववला आणि झाकण तिच्यापुढे धरलं.