खिडकीकडे पाठ

शिलाई मशीन खिडकीशी होतं. मी शिवायला बसले की धाकट्या बहिणीच्या कॉटकडे माझी पाठ व्हायची.

कुंडीत आपसूक उगवलेलं पिवळं रानफूल तिनं मला उपटू दिलं नव्हतं. तेही खिडकीत उन्हाकडे तोंड करून असायचं.

"दोघंही पाठमोरी," आजारपणातही ती चिडवायची. "ताई, बस ना जरा माझ्यापाशी."

"एवढी बाही लावते, मग आलेच."

बाह्या संपल्या नाहीत. ती गेली.

दुसऱ्या दिवशी फुलानं उन्हाकडे पाठ फिरवली नि ते रिकाम्या कॉटकडे बघू लागलं. मी कुंडी फिरवली. दुपारी पुन्हा तसंच.

आज मात्र त्याची नजर कॉटवर नाही. माझ्या खांद्यामागे, अगदी जवळ खिळली आहे.

हातातली बाही मी खाली ठेवली. "आले गं," म्हटलं.

मागे वळायचं तेवढं राहिलंय.